एअर काढायचे दिवस

हर्णैपासून मालवणपर्यंत ज्यांनी ट्रॉलरच्या इंजिनखोलीत उमेदीची वर्षं घालवली, त्या आमच्या पिढीला इंजिनाचं दुखणं आधी कानाला कळायचं. आवाज एकसारखा खालीवर व्हायला लागला, की डिझेलात एअर. रिकामं नीट चालतंय आणि जाळं ओढताना दम सोडतंय, तर फिल्टर चोंदला. थोडा वेळ चालून बंद पडलं आणि टाकीचं झाकण उघडताच पुन्हा धरलं, तर टाकीचा ब्रीदर तुंबलेला. स्टार्टर मारताना पांढरा धूर आला, तर डिझेल पोचतंय पण जळत नाही. धूरच नाही आला, तर डिझेल पोचतच नाही. एवढं ठरेपर्यंत कुणी पान्याला हात लावत नसे.

आज नव्या कॉमन रेल इंजिनाच्या पॅनलवर दिवा लागतो आणि कोड उमटतो. रेलमधला दाब किती, फिल्टरखाली पाणी साचलंय का, हे सेन्सर सांगतात. धोका वाटला तर इंजिन स्वतःच ताकद कमी करतं आणि बोटीला हळूहळू बंदराकडे नेण्याइतकं चालू राहतं. आमच्या कानांना जे ओळखायला वर्षं लागली, ते या दिव्याला क्षणात कळतं. आमचे कान कधीकधी फसायचेही, आणि तोवर चांगला नॉझल खोलून बसलेले असायचो.

तेव्हा शोधाला एक क्रम होता. टाकीपासून निघायचं आणि नॉझलपर्यंत जायचं. टाकी पंपाच्या खालच्या पातळीला असली, की मधल्या नळीला चीर पडूनही बाहेर डिझेलचा थेंब दिसत नाही. पंप ओढतो तेव्हा चिरेतून हवाच आत जाते. म्हणून कोरड्या दिसणाऱ्या जोडावर अनुभवी माणूस जास्त संशय घ्यायचा. शंका फिटली नाही, तर डेकवर स्वच्छ डिझेलचा डबा ठेवून पंपाची नळी थेट त्यात सोडायची. इंजिन सुरळीत चाललं, तर खोट टाकीत किंवा नळीत. तरीही गचके दिले, तर पंपाच्या पुढे.

मग एअर काढायची. फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू दोन आटे ढिला करायचा आणि फीड पंपाचं हँडल हाताने मारत राहायचं. हँडल पोकळ लागलं, तर इंजिन थोडं फिरवून घ्यायचं, कारण आतला कॅम वर अडकलेला असतो. स्क्रूच्या कडेने आधी फेस यायचा, मग थुंकल्यासारखे बुडबुडे आणि शेवटी बुडबुड्याविना सलग धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा. तेच पुढे इंजेक्शन पंपावर, आणि मग नॉझलच्या पाइपांचे नट अर्धा फेरा सैल करून स्टार्टर. एक सिलिंडर पेटायचा, अडखळत दुसरा, आणि नट आवळत गेलं की सहाही एका लयीत यायचे. त्या वेळी वर तांडेलापासून खाली भांडी घासणाऱ्या पोरापर्यंत सगळ्यांचे चेहरे एकदम सुटायचे.

आता ते हँडलही बऱ्याच इंजिनांवर नाही. चावी फिरवली की विजेचा पंप डिझेल भरतो आणि हवा टाकीकडे परत जाते. चालू इंजिनाचा पाइप सैल करून कुठला नॉझल मेलाय ते ओळखायची आमची युक्ती तर इथे जिवावर बेतेल. जुना नॉझल साधारण 200 बार दाबाला उघडायचा. कॉमन रेलमध्ये हजारापासून दोन हजार बारपर्यंत दाब असतो आणि ती धार कातडी फाडून आत शिरते. त्याच दाबामुळे डिझेलचा फवारा इतका बारीक होतो, की धूर कमी होतो आणि डिझेलही वाचतं. खुद्द डिझेल बदललं. एप्रिल 2020 पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-6 डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत फार तर 10 भाग असतं. इंजिनखोलीतल्या ज्या वासाची आम्हाला आठवण येते, तो वास छातीला वाईटच होता.

वाईट आणखीही बरंच होतं. नळी तोंडात धरून डिझेल ओढायची पद्धत होती आणि एक घोट फुफ्फुसात गेला, की माणूस आजारी पडायचा. वादळातच इंजिन बंद पडायचं, कारण लाटांनी टाकीच्या तळाचा गाळ ढवळला जायचा आणि तोच फिल्टरमध्ये येऊन बसायचा. मग अंधारात, बोट आडवी हलत असताना, तापलेल्या इंजिनावर ओणवं होऊन एअर काढायची. ते नाही जमलं, तर दुसरी बोट दिसेपर्यंत वाहत राहायचं. घरी बायका धक्क्यावर उभ्या असायच्या आणि त्यांना कुणी काही सांगू शकत नसे.

आज वायरलेस सेट आहे, जीपीएस आहे, किनाऱ्याजवळ मोबाइलला रेंज आहे, तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक आहे. यातलं काहीही देऊन जुने दिवस परत घ्यावेत, असं आमच्यातला शहाणा माणूस म्हणणार नाही.

तरी जीव हळहळतो तो बारीकसारीक रीतींसाठी. डिझेल भरताना नरसाळ्यावर मलमलीचं फडकं असायचं. टाकीतलं थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घेऊन ठेवायचं. पाणी असलं तर खाली बसून वेगळी रेघ दिसायची. तांब्याचा जुना वायसर स्टोव्हवर लाल करून पाण्यात टाकायचा, की तो मऊ पडून पुन्हा जोडावर नीट बसायचा. पावसाळ्यात बोटी शाकारल्या, की टाकी रिकामी करून तळाचा काळा चिकट थर खरवडायचा. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे वाढणारे जंतू त्या थरात असतात, हे आम्हाला फार पुढे कळलं. थर काढायचा हे मात्र आधीपासून माहीत होतं. नव्या पोराचं शिक्षण बॅटरी धरण्यापासून सुरू व्हायचं. चुकीचा पाना दिला की टपली बसायची, विचारलं तर उत्तर मिळेलच असं नाही. पण पाहता पाहता त्याला अख्ख्या इंजिनाचा रस्ता पाठ व्हायचा.

आजच्या पोराला बॅटरी धरायला कुणी बोलावत नाही. कोड आला, की मेकॅनिक लॅपटॉप घेऊन बंदरात येईपर्यंत इंजिनाचं झाकण बंद. नेमकी इथेच आम्हाला भीती वाटते. रेलमधला दाब कमी आहे एवढं कोड सांगतो. तो ब्रीदर तुंबल्याने कमी झाला, नळीने एअर घेतल्याने, की फिल्टरखाली पाणी साचल्याने, ते माणसालाच शोधावं लागतं, आणि शोधायचा रस्ता टाकीपासूनच निघतो. उच्च दाबाच्या बाजूला हात लावू नये, हे खरंच. टाकीपासून फिल्टरपर्यंतची बाजू मात्र आजही पान्याने आणि डोळ्यांनी तपासता येते.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत प्रत्येक नाखव्याने एवढं करावं: टाकी साफ करताना बोटीवरच्या सगळ्यांना बोलवावं, फिल्टर सर्वांत लहान खलाशाच्या हाताने बदलून घ्यावा, एअर त्यालाच काढू द्यावी आणि त्याने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला टपली न मारता उत्तर द्यावं. आम्हाला जे धाकात शिकावं लागलं, ते त्याला मायेने शिकता येईल. नारळी पौर्णिमेनंतर बोट खोल पाण्यात जाईल, तेव्हा पॅनलवरच्या दिव्याचा अर्थ कळणारा एक तरी माणूस तिच्यावर असलाच पाहिजे.