वैशाखातला घाट

मलकापूरहून बुलढाण्याला जाणारा रस्ता लोक एरवी कामापुरता पाहतात आणि हौसेनं पाहतात तो श्रावणात. तेव्हा राजूर घाटात गाड्यांची रांग लागते, हिरव्या डोंगराकडं पाठ करून फोटो निघतात, कणसं भाजली जातात. मी हा घाट पाहायला वैशाखात जातो. शेजारचे काका दरवर्षी विचारतात, "एवढ्या उन्हात काय पाहाले चालले बाप्पा? गोट्याशिवाय काय हाये तिथं?"

गोटेच पाहायचे असतात. पावसाळ्यात पाणी सगळीकडंच असतं, त्यामुळं ते कुठलं हे कळत नाही. वैशाखात ते जिथं उरतं, तिथलं ते असतं.

निघायचं उजाडायच्या आत. दुपारी पारा चव्वेचाळीसच्या पुढं सरकतो. तेव्हा डांबरावर टायरही कुरकुरतात. खिडकीबाहेर मी कॅनव्हासची छागल बांधतो. चालत्या गाडीच्या वाऱ्यानं तिच्या अंगावरची ओल उडत राहते आणि आतलं पाणी मोताळा येईस्तोवर घशाला झोंबेल इतकं गार होतं. गाडीतल्या एसीला पेट्रोल लागतं, छागलीला नुसता वारा पुरतो.

गावची नळगंगा पुलावरून ओलांडताना खाली वाळू, वेड्या बाभळी आणि त्यांच्या शेंगांवर टपलेल्या शेळ्या. आमच्याकडं वर्षाला सात-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे हा काही वाळवंटी मुलूख नव्हे. पण तो चार महिन्यांत उरकतो आणि उरलेले आठ महिने जमिनीला साठवणीवर काढावे लागतात. मोताळ्याजवळच्या धरणातही या दिवसांत पाण्यापेक्षा भेगाळलेला गाळ जास्त दिसतो. पुढं राजूर येतं आणि अजिंठ्याची रांग समोर भिंतीसारखी उभी राहते.

ही साठवण कशी होते, ते निष्पर्ण घाटातच उघडं पडतं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेत. एक थर टणक काळ्या पाषाणाचा, त्याखालचा सच्छिद्र, ठिसूळ; मधूनच गेरूसारखी तांबडी मातीची पट्टी. पावसाचं पाणी पाषाणाच्या भेगांतून उतरतं, खालच्या घट्ट थरावर अडतं, आडवं सरकतं आणि दरीनं डोंगर जिथं कापलाय तिथं बाहेर डोकावतं. धबधबा वरचा टणक ओठ तसाच ठेवतो आणि खालचं ठिसूळ अंग कोरून काढतो. त्या कोरलेल्या पोटात डोह होतो. श्रावणात ज्याला आपण धबधबा म्हणून टाळ्या देतो, त्याची खरी कमाई ही.

घाटाच्या पायथ्याशी एका मोरीजवळ गाडी सावलीला लावून मी नाल्यात उतरतो. सालईची पांढुरकी खोडं, सगळ्यांची पानं झडल्यावरही हिरवा राहिलेला अंजन. एका वळणावर हवा अचानक गार लागते. कातळाखाली खाटेएवढा डोह, कोमट, तळाला कुजलेल्या पानांचा काळा थर. पाण्याच्या कडेला ओल्या वाळूवर मधमाश्या दाटीनं बसलेल्या. पोट खालीवर करत त्या पाणी पितात, उडतात, लगेच दुसऱ्या येतात. थोडं वर, कोरड्या वाळूत, रानडुकरांनी नाकानं उकरलेला खळगा, त्यात ओंजळभर पाणी. आमची माणसं नदीच्या पात्रात झिरा खणतात आणि वाटीवाटीनं हंडा भरतात, तीच युक्ती. कोणी कोणाकडून उचलली कोण जाणे! खळग्याभोवती रोह्यांचे जोडखुर आणि त्यावर उमटलेला अस्वलाचा रुंद पंजा.

ऑस्ट्रेलियात ॲलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेला मॅकडोनेल रांगांतले डोहही असेच उंच कातळांच्या सावलीला टिकून राहतात. तिथं लोक मुद्दाम गाड्या काढून ते पाहायला जातात. आम्ही राजूर घाटातून तिसऱ्या गिअरवर निघून जातो.

घाट चढून बुलढाण्याला आलं की पाण्याचं वाटप दिसतं. इथल्या पठाराचा उत्तर उतार नळगंगेला मिळतो. ती पूर्णेला, पूर्णा तापीला आणि तापी अरबी समुद्राला. जवळच मढ गावी बुधनेश्वरला पैनगंगा उगम पावते. तिचं पाणी वर्धा, प्राणहिता, गोदावरी करत थेट बंगालच्या उपसागरात. एका पठारावरचा पाऊस दोन समुद्रांना जातो आणि वैशाखात पाहावं तर दोन्ही नद्यांपाशी घोटभर शिल्लक नसतं.

पूर्वेला बोथ्याकडं ज्ञानगंगा अभयारण्य. टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ विदर्भ-तेलंगणातली शेतं, नाले, रस्ते ओलांडत २०१९ च्या अखेरीस तिथं पोचला. गळ्यातल्या रेडिओ कॉलरवर त्याची चाल सुमारे ३,००० किलोमीटर भरली. त्यानं बरेच दिवस मुक्कामही केला. सावज, सावली आणि आटत न गेलेला पाणवठा, एवढं जुळलं तरच वाघ थांबतो. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री वनखातं मचाणांवर बसून पाणवठ्यावर येणारी जनावरं टिपतं, त्यामागं हाच हिशेब आहे : उन्हाळ्यात सगळं रान कधी ना कधी पाण्याशी हजेरी लावतंच.

म्हणून वैशाखात घाट पाहायला कोणी निघालं, तर माझं सांगणं एवढंच की दहाच्या आत परत फिरा. डोहात पाय बुडवू नका, बाटली तर मुळीच विसळू नका. आपल्याला गाडी आहे, छागल आहे, घरी फ्रिज आहे. त्या पाण्याला दुसरीकडं कुठं जायची सोय नसलेली गिऱ्हाईकं दुपार टळली की यायला लागतात.