सूरसागर ते कावी: आधी पाणी, मग बोट

बडोद्यात शिडाची बोट घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: कोणती घ्यावी? माझ्या मते तो दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न पाण्याचा, आणि त्याचं उत्तर शोधत मी सूरसागरापासून निघालो. न्यायमंदिराजवळचं हे तळं, मध्ये उभा शंकर, काठावर संगीत महाविद्यालय. नवशिक्याला वाटावं, एवढंसं शांत पाणी शिकायला उत्तम. पण चारही बाजूंनी बांधलेल्या या पाण्यावर वारा सरळ येतच नाही. इमारतींवर आपटून वळतो आणि मध्येच पडतो. अशा ठिकाणी शीड फडफडलं तर चूक आपली की वाऱ्याची, हे शिकणाऱ्याला कळायचं कसं? शिवाय या शहराला तळ्यातल्या नावेची आठवण कडू आहे. 1993 साली याच सूरसागरात नाव उलटून 22 जण गेले. 18 जानेवारी 2024 ला हरणी तलावात सहलीची 12 मुलं आणि 2 शिक्षिका. त्यानंतर मुलाला बोटीत बसवायचं कुणी, हा आक्षेप रास्तच. मात्र हरणीच्या नावेत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि अनेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. शीडनौकेच्या शिक्षणाची सुरुवातच जॅकेट घालून बोट मुद्दाम उलटवण्यापासून होते. हवाबंद कप्प्यांमुळे ती बुडत नाही. तळातून खाली सोडलेल्या उभ्या फळीवर चढून भार दिला की पुन्हा सरळ होते. भीतीवरचा हा उतारा प्रवासी म्हणून नुसतं बसणाऱ्याला कधीच मिळत नाही.

शहराबाहेर वीसेक किलोमीटरवर आजवा. सयाजीराव महाराजांनी बडोद्याच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला हा तलाव 1892 पासून शहराला पाणी पाजतो आहे. मातीच्या लांबलचक बांधावर उभं राहिलं की समोर मोकळं पाणी आणि त्यावरून अडथळ्याविना येणारा वारा. शिकायला हवं ते हेच. पण पाणी पिण्याचं आहे, त्यात मगरी आहेत आणि पालिकेच्या परवानगीशिवाय इथे बोट टाकण्याचा विचारही करू नये. विश्वामित्री नदी तर भर शहरात मगरींचीच. शिवाय आजव्याचा पावसाळ्यात भरलेला काठ उन्हाळ्यापर्यंत दूर सरकतो. मोठी, स्थिर बोट का घेऊ नये, याचं उत्तर त्या सरकत्या काठावरच मिळतं. तळाला जड पठाण (कील) असलेली बोट उथळ पाण्यात रुतते. फळी वर ओढली की वीतभर पाण्यात तरंगणारी बोट काठाला लागते. आंग्र्यांच्या गलबतांचं बळ यातच होतं: इंग्रजांची जड जहाजं जिथे थबकत, त्या खाडीत ती सहज शिरत.

लहान म्हणजे किती? मुलांची ऑप्टिमिस्ट 2.3 मीटर लांब, 35 किलोंची. मोठ्यांची लेझर 4.2 मीटर, शीड-डोलकाठी सोडून 59 किलो. दोघांनी उचलावी एवढीच. कुणी म्हणेल, मग विकत कशाला, क्लबात शिका. अगदी बरोबर. भोपाळच्या मोठ्या तलावावर आणि हैदराबादच्या हुसेनसागरावर रीतसर प्रशिक्षण मिळतं. आधी तिथे हात बसवावा. पण शिकल्यावर सरावाचं पाणी शोधत फिरायचं तर बोट चाकांवरच हवी. त्या चाकांचंही एक शास्त्र आहे. लांबच्या रस्त्याने ट्रेलरची बेअरिंगं तापलेली असतात. तशीच पाण्यात घातली तर झटकन थंड होताना पाणी आत ओढतात, ग्रीस खराब होतं. म्हणून आधी उतारावर थांबावं, तोवर डोलकाठी उभी करावी. आणि तीही वर विजेची तार नाही ना हे पाहूनच, कारण काठी ॲल्युमिनियमची असते.

बडोद्याहून पादरा, जंबुसर करत कावीला पोचलो तेव्हा ओहोटी होती. खंबातच्या आखातात मोठ्या उधाणाला पाणी दहा मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. कावी-कंबोईचं स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ दिवसातून दोनदा समुद्र पोटात घेतो आणि परत देतो. घरापासून सर्वांत जवळचा समुद्र हाच, म्हणून इथूनच सुरुवात करू, असा मोह नवख्याला होणारच. पण ओहोटीनंतर उरतो तो चिखल. त्यात रुतलेल्या बोटीपर्यंत चालत जाता येत नाही. भरतीची ओढ तर अशी, की पडलेल्या वाऱ्यात ती नेईल तिकडेच जावं लागतं. बंदरात नांगरून ठेवलेल्या मोठ्या बोटीचं भाडं चालू असतं; महिनाभर वाट पाहून आलेल्या मालकाला पाणी नको म्हणत असलं तरी निघावंसं वाटतं. ट्रेलरवरच्या बोटीला तशी घाई नाही. आज नाही तर पुढच्या रविवारी, इथे नाही तर परवानगी मिळेल त्या तलावावर. नवशिक्याची पहिली बोट मी यावरूनच निवडेन: पाणी पाहून, ती न उतरवता त्याच संध्याकाळी बडोद्याला परत आणता आली पाहिजे.