टाकाऊ अकरा मिनिटे

दुसऱ्याच्या लेखनातील अनावश्यक मजकूर कापून काढण्यात एक प्रकारचा निर्दय आनंद असतो, आणि हा आनंद मी गेली तीस वर्षे नित्यनेमाने उपभोगीत आलो आहे. इंग्रजीच्या प्राध्यापकाच्या हाती तांबडी शाई आली, की विद्यार्थ्याच्या निबंधातील पहिला परिच्छेद त्याला बहुधा टाकाऊच दिसू लागतो. “हे कशाला?” हे दोन शब्द मी समासात इतक्या वेळा लिहिले आहेत, की निवृत्तीच्या वेळी विद्यार्थ्यांनी मानपत्राऐवजी तेवढेच चौकटीत घालून दिले, तरी मला राग मानण्याचा अधिकार राहणार नाही. अशा सराईत मनुष्याला घरच्या एखाद्या चित्रणाची काटछाट करणे काय अवघड जाणार, अशी माझी समजूत होती. ती समजूत कशी गळून पडली, तेच आज सांगावयाचे आहे.

२०१४ सालच्या मार्गशीर्षात आमच्या वडिलांचे सहस्रचंद्रदर्शन झाले. ऐंशी वर्षे आणि वर काही महिने उलटले, की मनुष्याने हजार पौर्णिमा पाहिल्या असा हा हिशेब. साताऱ्याच्या घराच्या अंगणात मांडव घातला होता. या प्रसंगासाठी म्हणून मी एक छोटा हाय डेफिनिशन कॅमेरा विकत घेतला आणि तो डोळ्याला लावून दिवसभर मांडवात हिंडलो. नातेवाईक म्हणत, “अरे, दोन घास खाऊन घे”, मी म्हणे, “हे एवढे टिपतो आणि येतो.” जे टिपले ते कार्डावर राहिले, कार्ड डबीत राहिले आणि डबी कपाटात राहिली. २०१८ साली वडील गेले. आई आमच्याकडे पुण्यास राहावयास आली. गेल्या दिवाळीत फराळाचे डबे पुसता पुसता ती एकदम म्हणाली, “तू त्या वेळी एवढे चित्रण केलेस, ते असते तरी कुठे रे?”

या प्रश्नास माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी मुकाट्याने डबी शोधून काढली.

कार्ड संगणकात घातले तेव्हा पहिली निराशा पदरी आली. औक्षण, संकल्प, पंगत अशा नावांची सुबक दालने मला उघडावयाची होती. तेथे शून्य शून्य शून्य शून्य शून्य, शून्य शून्य शून्य शून्य एक, अशी कैद्यांसारखी क्रमांक लावलेली माणसे उभी होती. वडिलांच्या आयुष्यातील एवढा मोठा दिवस, पण यंत्राने त्याला नाव म्हणून पाच आकड्यांपलीकडे काही दिले नव्हते. दुसरी गोष्ट, धार्मिक विधी मी सलग टिपला होता. तो अर्ध्या तासाच्या आसपास मधूनच तुटला होता. कार्डावरील मांडणी अशी, की एका फाइलीत चार जीबींपेक्षा अधिक मावत नाही. तेवढे भरले की यंत्र दुसरी फाइल सुरू करते. मी ते दोन तुकडे एकापुढे एक ठेवले, तर सांध्यावर गुरुजींच्या मंत्रातील एक अक्षर नाहीसे झाले. ज्यांनी साठ वर्षांत एक स्वर चुकविला नसेल, त्या गुरुजींना माझ्या अज्ञानामुळे अडखळावे लागले.

पुढे पाहतो, तर ओवाळणाऱ्या बायकांच्या हातांना कंगव्यासारखे दात फुटलेले. आरती हलली, की तिच्या कडेला आडव्या रेघांची झालर दिसे. मला वाटले, कार्ड कुजले. अखेर मी माझ्या भाच्याला बोलाविले. हा मुलगा कोथरूडला राहतो आणि संगणकाशी, आपण मांजराशी बोलतो तसा, सहज बोलतो. तो म्हणाला, “मामा, काही कुजलेले नाही. तुमचा कॅमेरा आधी विषम रेघा टिपतो आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर सम रेघा. तेवढ्यात मावशीचा हात पुढे गेला, म्हणून दोन्ही जुळत नाहीत.” त्याने कोठेशी एक खूण केली आणि मावशीचे दात नाहीसे झाले.

परंतु खरी मौज पुढेच होती. माझा संगणक हे चित्रण दाखविताना पदोपदी धापा टाकी. मी म्हटले, दहा वर्षांपूर्वीच्या छोट्या कॅमेऱ्याचे चित्रण; त्यात एवढे जड काय आहे? तेव्हा भाच्याने कागद घेऊन हिशेब मांडला. एका चित्रात आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके. म्हणजे २०,७३,६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला तीन बाइट, आणि सेकंदाला पंचवीस चित्रे. सगळे जसेच्या तसे लिहावयाचे म्हटले, तर एका तासाला ५६० जीबींच्या घरात जागा लागेल. माझे अख्खे कार्ड ३२ जीबींचे, आणि त्यावर तर चार तासांचा समारंभ मावला होता!

“हे कसे?” मी विचारले.

“यंत्र सगळी चित्रे लिहीतच नाही, मामा. एखादे चित्र ते पुरते लिहिते. पुढच्या चित्रांत आधीपेक्षा काय बदलले, तेवढेच टिपून ठेवते. मांडवाचा खांब हलला नाही, तर खांबाबद्दल फक्त ‘पूर्ववत’ एवढेच लिहायचे. हात हलला, तर हाताबद्दल लिहायचे.”

२००३ साली पक्क्या झालेल्या या रीतीला एच. २६४ असे रुक्ष नाव आहे. या रीतीने लिहिलेल्या चित्रणात मधूनच एखादे चित्र पाहावयाचे, तर ते तेथे नसतेच. संगणकाला मागे जाऊन शेवटचे पुरते चित्र गाठावे लागते आणि तेथून एकेक फरक जोडीत पुन्हा पुढे यावे लागते. संकलन करणारा तर अशा मधल्याच जागी सुरी लावीत असतो. संगणकाला धाप लागावी यात नवल नाही. उपाय असा, की मूळ चित्रणाच्या हलक्या नकला करून त्यांवर काम करावे आणि अखेरीस मूळ चित्रण पुढे आणावे. निबंधाचा कच्चा खर्डा रद्दी कागदावर करावा, तसे हे झाले.

मी कापावयास बसलो. येथे मात्र मी राजा होतो. चार तासांचे मी अठ्ठावीस मिनिटांवर आणले. पाठमोरी माणसे काढली, आचाऱ्याचा खोकला काढला, “हे कशाला?” असे पुटपुटत वाढप्यांची धावपळ काढली. शेवटी एक अकरा मिनिटांचा तुकडा उरला. मी कॅमेरा टेबलावर ठेवून तो बंद करावयास विसरलो होतो. पडद्यावर त्याची छोटी छोटी चित्रे ओळीने दिसत होती, आणि सगळी एकसारखी होती : रिकाम्या खुर्च्या, मांडवाचा खांब आणि कोपऱ्यात दोन लहान आकृती. मी तो तुकडा ऐकलादेखील नाही. एक कळ दाबली आणि तो गेला.

आता उरली होती निर्यात. एक्स्पोर्टला मी मनाशी हाच शब्द योजला होता, आणि समुद्रापार माल धाडताना व्यापाऱ्याला जितका मनस्ताप होत असेल तितका मलाही झाला. “सर्वांत उत्तम दर्जा” अशा अर्थाचा जो पर्याय होता तो मी निवडला. सकाळी पाहतो, तर संगणकातील सारी जागा भरून काम मध्येच थांबलेले. मी न आकसलेल्या चित्रणाची आज्ञा दिली होती, आणि अठ्ठावीस मिनिटांना त्या मापाने २६० जीबी लागतात! दुसऱ्या वेळी थोडा नम्र झालो. साडेदहा जीबींची फाइल निघाली. ती ३२ जीबींच्या रिकाम्या पेनड्राइव्हमध्ये घालू लागलो, तर “फाइल फार मोठी आहे” असे उत्तर. येथेही तीच जुनी चार जीबींची मर्यादा आडवी आली होती. रागारागाने मी कामाचीच फाइल उचलली आणि कोथरूड गाठले. भाच्याच्या संगणकावर ती उघडली, तो सर्वत्र तांबड्या चौकटी. चित्र एकही नाही. कारण त्या फाइलीत चित्रे नसतातच. अमुक तुकडा, अमुक क्षणापासून अमुक क्षणापर्यंत, एवढी टिपणे असतात. ग्रंथालयाची सूची काखोटीस मारून मी पुस्तके आणल्याच्या ऐटीत गेलो होतो. दादासाहेब फाळक्यांच्या घरी सरस्वतीबाई स्वतः फिल्मच्या कडेला भोके पाडीत, असे वाचले आहे. त्यांच्या हाती काही वस्तू तरी होती. मी कशाला कात्री लावीत होतो, हेच मला ठाऊक नव्हते.

अखेर भाच्याने गणित शिकविले : सेकंदाला किती बिट खर्चावयाचे ते ठरवावे आणि सेकंदांनी गुणावे. सेकंदाला ऐंशी लाख बिट धरले, तर अठ्ठावीस मिनिटांना १.६८ जीबी. पेनड्राइव्हही राजी, दूरचित्रवाणी संचही राजी.

एका रविवारी सगळे दिवाणखान्यात जमलो. चित्रफीत सुरेख झाली होती, हे मीच सांगितले पाहिजे असे नाही, सगळ्यांनीच सांगितले. आई खुर्ची पुढे ओढून पाहत होती. औक्षणाच्या वेळी तिने डोळे पुसले. चित्रफीत संपली तेव्हा ती म्हणाली, “छान केलीस हो.” आणि थोड्या वेळाने, “ते नाही का घेतलेस? सगळी मंडळी पांगल्यावर आम्ही दोघे बसलो होतो ते? तुझे यंत्र चालू होते तेव्हा. त्याचा तांबडा दिवा मला दिसत होता.”

मी काही बोललो नाही. तांबड्या शाईने ओढलेली रेघ पुसता येत नाही, आणि मला वाटले, हीही आता पुसता यावयाची नाही. पण या यंत्राची रीत निराळी. मी कापले ते केवळ टिपणातून; मूळ अकरा मिनिटे कार्डावर अक्षत होती. त्या रात्री मी ती प्रथमच आवाजासह पाहिली.

काही घडत नाही. वडील अंगावरची नवी शाल काढतात आणि तिची घडी करतात. घडी नीट होत नाही, म्हणून पुन्हा करतात. आईला विचारतात, “गुडघा दुखतो का?” ती म्हणते, “नेहमीइतकाच.” मग बराच वेळ दोघेही गप्प. लांबून भांडी घासल्याचा आवाज येतो. मग आईचा आवाज : “अहो, ते यंत्र चालूच राहिले आहे वाटते.” आणि वडिलांचा : “राहू दे. आपण कुठे नाचणार आहोत?”

पॅरिसमध्ये १८९५ च्या २८ डिसेंबरला ल्युमिएर बंधूंनी आपली हलती चित्रे लोकांना दाखविली. त्यांत एक अगदी घरगुती होते : ऑग्युस्त ल्युमिएर आणि त्यांची पत्नी आपल्या तान्ह्या मुलीला भरवीत आहेत. जेमतेम मिनिटभराचे हे चित्र. त्यात कापाकापी नाही. ते पाहणाऱ्या लोकांना बाळाइतकेच, त्याच्या मागे वाऱ्याने हलणाऱ्या झाडाच्या पानांचे नवल वाटले, असे सांगतात. माझ्यासारखा संकलक तेथे असता, तर त्याने चौकट आणखी आवळून ती पाने बाहेर ठेवली असती.

तो तुकडा भाच्याने स्वतंत्र करून दिला. दर्जा तोच ठेवून जागा लागेल तेवढी घे, अशी त्याने यंत्राला मुभा दिली होती. औक्षणाच्या तितक्याच मिनिटांना जेवढी जागा लागली, तिच्या तिसऱ्या हिश्शातच ही अकरा मिनिटे बसली. हलत नाही त्याला जागा थोडी लागते. वडिलांना आमच्या घरात आयुष्यभर थोडीच जागा लागली : खिडकीजवळची खुर्ची आणि वर्तमानपत्र. रोज घरात शिरताना मी मनाशी ‘पूर्ववत’ म्हणे आणि पुढे जाई. यंत्र निदान प्रामाणिक आहे. ज्याला ते ‘पूर्ववत’ म्हणते, ते प्रत्येक चित्रात पुन्हा उभे करते. बदलले नाही म्हणजे ते नाही, असे ते समजत नाही. ती चूक माझी.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आईला ती अकरा मिनिटे लावून दिली. ती न हलता पाहत राहिली. तुकड्याच्या आरंभी माझाच आवाज येतो. मी कॅमेरा टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, “तुम्ही बसा, मी चहा सांगून येतो.” नंतर मी दिसत नाही. शेवटी कोणीतरी पाहुणे निरोप घ्यावयास येतात, वडील उठतात, आणि चित्र संपते.

“एवढा वेळ नुसते बसला होता?” मी आईला विचारले.

“चहाची वाट पाहत होतो,” ती म्हणाली.

“मग आला का?”

“कुठला यायला!” आई हसून म्हणाली. “तू पुढे अंगणात पाहुण्यांचे फोटो काढीत होतास.”

मी उठून आत गेलो आणि तिच्यासाठी चहाचे आधण ठेवले.