घर शाकारलं, मैदानाचं काय?

मंडळी, काल कौलांवर चढून घर शाकारत होतो. वरून मागचं मैदान दिसलं. मध्ये खड्डे, कडेला काचा. परवा तिथंच माझ्या पोराच्या तळव्यात काच घुसली.

आपण पाटाकडील की दिलबहार यावरून घरात भांडणारी कोल्हापूरकर माणसं. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात आपला अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तेव्हा छाती फुगवून बातमी केली. पण सगळीच पोरं अनिकेत होणार नाहीत. संध्याकाळी दोन तास मनसोक्त खेळली तरी पुष्कळ झालं.

घर गळायच्या आत कौलं बदलतो, मैदानासाठी मात्र निवेदनं देत बसतो. मीही त्यातलाच. रविवारी सकाळी ७ ला घमेलं-फावडं घेऊन निघतोय. पावसाआधी खड्डे बुजवू. येताय न्हवं?