श्रीमती गुणदानबाईंस अनावृत पत्र

श्रीमती गुणदानबाई,
मुक्काम एपी जर्मन लँग्वेज अँड कल्चर परीक्षा, अमेरिका



मे महिन्यात हायस्कुलातल्या मुलांनी तुमची कॉलेजच्या दर्जाची परीक्षा दिली, जूनमध्ये शाळा-कॉलेजांतल्या शिक्षकांनी तुमच्या वतीने उत्तरं तपासली आणि आता जुलैत घरोघरी तुमचा एकेक आकडा येऊन पडला आहे. पुण्यात जर्मन शिकून इथे न्यू जर्सीत शिकवण्या घेणारी मी. आकडा मुलांना येतो, फोन मला. "बाई, ३ म्हणजे किती टक्के हो?" शंभरापैकी सांगितल्याखेरीज आपल्या लोकांच्या गळी काही उतरत नाही. पाचापैकी तीन म्हणजे साठ टक्के, असा हिशेब करून परवा एक आई चक्क मुलीवर रुसून बसल्या होत्या. तुमच्या लेखी ३ म्हणजे 'पात्र', पुष्कळ कॉलेजं त्यावर श्रेयांक देतात, काही मात्र ४ किंवा ५ असल्याशिवाय दार उघडत नाहीत, हे सगळं सांगेस्तोवर माझा चहा गार झाला.

त्यातून तुम्ही परीक्षा घेता जर्मनची आणि आकडे लावता उलटे. जर्मनीतल्या शाळेत १ सगळ्यात उत्तम आणि ६ सगळ्यात वाईट. एका विद्यार्थ्याने हँबुर्गच्या मावशीला हौसेने कळवलं, "मला ५ मिळाले!" मावशीने बिचारीने समजूत घातली, पुढच्या वेळी जमेल म्हणाली.

तुमचे उपकार मात्र मी विसरलेले नाही. 2011 साली तुमच्या घरच्यांनी चुकीच्या उत्तराला गुण कापणं बंद केलं. तेव्हापासून माझ्या वर्गात एकही प्रश्न कोरा सोडायला बंदी आहे. लिहिण्या-बोलण्याच्या बाबतीतही तुम्ही दिसता तेवढ्या खडूस नाही. अधूनमधून चुकलेला आर्टिकल, गडबडलेलं क्रियापद तुम्ही पोटात घालता. समोरच्याला सगळं नीट कळलं आणि भाषेत वैविध्य असलं, की ५ सुद्धा देता. बोलताना मुलाने मध्येच थांबून स्वतःची चूक सुधारली आणि त्याने म्हणणं अधिक स्पष्ट झालं, तर ते तुमच्या निकषांत जमेच्या बाजूला आहे. हे मुलांना पटवताना मला किती घसा कोरडा करावा लागतो! जन्मभर लाल शाई बघितलेल्या पालकांना तर ते पटतच नाही.

आता गाऱ्हाणं. तुमच्या घरात पाच नावाचे दोन पाहुणे राहतात. ईमेल, निबंध, संभाषण आणि सांस्कृतिक तुलना या लेखी-तोंडी चार कामांना तुम्ही प्रत्येकी ० ते ५ देता आणि शेवटचा निकाल १ ते ५ मध्ये लावता. मुलांना वाटतं, चारही ठिकाणी ४ मिळाले की निकाल ४. पण अर्धं वजन ६५ बहुपर्यायी प्रश्नांचं असतं, ३० नुसत्या वाचनाचे आणि ३५ ऐकण्याचे किंवा ऐकणं-वाचणं मिळून. उरलेलं अर्धं त्या चार कामांना सारखं वाटलेलं, प्रत्येकी साडेबारा टक्के. आणि इथेच मी तुमच्याशी भांडते. निबंधाला ५५ मिनिटं. त्यात एक लेख, एक आलेख आणि एक ध्वनिफीत पचवून, तिन्हींचा आधार घेऊन स्वतःचं मत मांडायचं. संभाषणात वीस-वीस सेकंदांची पाच उत्तरं, म्हणजे बोलणं सगळं मिळून शंभर सेकंद. दोघांचं वजन एकच! शंभर सेकंदांत घशात आवंढा अडकला, तर निबंधाएवढा खड्डा. ईमेलचंही तसंच. पंधरा मिनिटांत विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यायची, आपणही एखादी चौकशी करायची आणि आदरार्थी 'झी' शेवटपर्यंत टिकवायचं. आमची इथली मुलं आजोबांनासुद्धा 'तू कधी आला' विचारतात, त्यांना तुम्ही अहो-जाहो शिकवलंत, हे मात्र मान्य.

दोन मिनिटांची सांस्कृतिक तुलना ही तुमची सगळ्यात आवडती खोडी असावी. एका वर्षी सरावाला एका मुलाने पुण्याचा गणेशोत्सव आणि कोलोनचा कार्निव्हल घेतला. ढोल-ताशा, मांडव, विसर्जन. मग ११ नोव्हेंबरला ११ वाजून ११ मिनिटांनी होणारी कार्निव्हलची सुरुवात, वेशभूषा, मिरवणूक. जर्मन सुरेख, आणि तुमच्या निकषांवर फार तर २. कारण त्याने दोन चित्रं शेजारीशेजारी टांगली, तुलना केलीच नाही. दुसऱ्या खेपेला तोच मुलगा म्हणाला, दोन्हीकडे रस्ता काही दिवस लोकांचा होतो, पण तिकडे वरिष्ठांची टिंगल हाच उत्सवाचा गाभा आहे, आमच्याकडे आरतीला सगळे आधी हात जोडतात. जर्मन पहिल्याएवढंच होतं, उत्तर मात्र वरच्या पायरीवर गेलं. हे तुमचं मला खरोखर पटतं.

'स्टँडर्ड ग्रुप' नावाची वेगळी यादी तुम्ही ठेवता, तेही योग्यच. ज्यांच्या घरी जर्मन बोललं जात नाही आणि जी जर्मनभाषक देशात महिनाभरही राहिलेली नाहीत, अशा मुलांचा निकाल तुम्ही निराळा दाखवता. घरी मराठी बोलणारी माझी मुलं त्याच यादीत. पण शेजारच्या जर्मन आजीच्या नातवाशी त्यांची तुलना करणारे पालक ती यादी कधी उघडून बघत नाहीत.

माझं मागणं एवढंच. पुण्याच्या मॅक्स म्यूलर भवनात गोएथेची बी-१ परीक्षा देणाऱ्याला वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण यांचे शंभरापैकी वेगवेगळे गुण कळतात. प्रत्येकात ६० हवेत. कुठे पाय घसरला ते दिसतं, तेवढाच भाग पुन्हा देता येतो. तुम्ही मात्र मुलाला पानभर जेवण करायला लावता आणि शेवटी सांगता, "स्वयंपाक ३ झाला." आमटी खारट होती की भात कच्चा, ते त्या पोराने ओळखायचं कसं?

तरी पुढच्या जुलैपासून त्या एका आकड्याखाली चार ओळी छापाव्यात: वाचन, श्रवण, लेखन, संभाषण. आकडा काय लावायचा तो लावा, त्यावर माझं काही म्हणणं नाही. फक्त पुढच्या वर्षी काय शिकवायचं, ते मला कळू द्या.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपली,
एक शिकवणीवाली बाई