एकाच शेताचे दोन उतारे

लिनक्सच्या कर्नलमध्ये नेटवर्कचं प्रत्येक पॅकेट 'एसकेबी' नावाच्या रचनेतून फिरतं. खरं तर एसकेबी म्हणजे पॅकेट नव्हेच, पॅकेटचा सातबारा. डेटा कुठे सुरू होतो, कुठे संपतो याच्या नोंदी त्यात. डेटा स्वतः मेमरीत दुसरीकडे. 'एसकेबी-कॉपी' हे फंक्शन सगळा डेटा उतरवून घेतं. 'एसकेबी-क्लोन' नुसता आणखी एक उतारा काढतं, खाली शेत तेच. वेगासाठी कर्नल जमेल तिथे क्लोनच वापरतो. नियम एवढाच: क्लोनमधून वाचा, त्यात लिहू नका.

हा नियम मला पाठ होता. निदान मी तसं समजत होते.

गेल्या हिवाळ्यात मी एक मॉड्यूल लिहिलं. बाहेर जाणाऱ्या टीसीपी पॅकेटमधला मजकूर एका किल्लीशी एक्सॉर करायचा, पलीकडे पुन्हा एक्सॉर केला की मूळ मजकूर परत. माझ्या टेबलावर दोन मशीन, मध्ये हातभर केबल. रात्रभर चालवलं, एक चूक नाही. आमच्या गटातल्या पीएचडीच्या मुलाने तेच वाय-फायवर चालवलं, तर मधूनच कचरा यायला लागला. मी न बघताच सांगितलं, तुझा उलगडणारा प्रोग्रॅम चुकतोय. गटाच्या बैठकीतही तेच म्हणाले, सगळ्यांसमोर. बिचाऱ्याने तो तीनदा नव्याने लिहिला. तीन आठवडे गेले.

शेवटी त्यानेच नोंदी आणून दाखवल्या. बिघडलेलं प्रत्येक पॅकेट दुसऱ्यांदा पाठवलेलं होतं. तिसऱ्यांदा पाठवावं लागलेलं मात्र पुन्हा ठीक! तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. पोच येईपर्यंत टीसीपी मूळ एसकेबी रांगेत जपून ठेवतं आणि खाली पाठवतं तो त्याचा क्लोन. मी लिहीत होते क्लोनवर, म्हणजे रांगेतल्या मूळ डेटावरच. पॅकेट हरवलं की तोच बदललेला डेटा पुन्हा माझ्याकडे यायचा, मी पुन्हा एक्सॉर करायची, आणि पॅकेट उघडंच बाहेर पडायचं. माझ्या हातभर केबलवर काही हरवतच नव्हतं.

दुरुस्ती तीन ओळींची. लिहिण्याआधी 'एसकेबी-एन्शुअर-रायटेबल' बोलवायचं. डेटा सामायिक असेल तर ते आपल्यापुरती वेगळी प्रत करून देतं. मेमरी मिळाली नाही तर तसं कळवतं, तेही तपासायचं. आणि आधी काढून ठेवलेले डेटाचे पत्ते नव्याने घ्यायचे, कारण शेत आता दुसरीकडे असतं.

पुढच्या बैठकीत, सगळ्यांसमोरच, चूक माझी होती हे सांगितलं. तो काही बोलला नाही. नंतर जिन्यात एवढंच विचारलं, आधीचे प्रोग्रॅम पुसून टाकू का? म्हटलं, तिसरा ठेव. तो खरंच छान झालाय.