शेवटचा चरण

"तेवढा शेवटचा चरण नको घ्यायला," अध्यक्षबाई म्हणाल्या आणि पेटीचा भाता माझ्या हातात तसाच अर्धा उघडा राहिला. दोन वर्षं झाली, अजून ते वाक्य डोक्यातून जात नाही.

आमचं महिला भजनी मंडळ सोलापुरातलं. कॉलनीतल्या दत्तमंदिरात दर गुरुवारी दुपारी बसतो. बारा-तेरा जणी, बऱ्याचशा माझ्यासारख्या निवृत्त. पेटीवर मी. आषाढातल्या भजन स्पर्धेसाठी सोयराबाईंचा 'अवघा रंग' घ्यायचा, ही सूचनाही माझीच होती.

हा अभंग मी किशोरीताई आमोणकरांच्या आवाजात पंचवीस-तीस वर्षं ऐकत आले आहे. भैरवीतला. कॅसेट यजमानांनी आणली होती. पुढे ते गेले, आणि पाठोपाठ एप्रिल २०१७ मध्ये किशोरीताईही गेल्या. त्या वर्षी रोज पहाटे चहा टाकला की मी तो अभंग लावायची. 'मी' आणि 'तू' असं काही उरलंच नाही, असं त्यात येतं ना, ते देवाला म्हटलेलं. मी खुशाल नवऱ्याला लावून घेतलं. कुणी हसो. त्या अभंगानं मला ते वर्ष काढू दिलं, एवढं खरं. शेवटच्या चरणापर्यंत चहा उतू जायला आलेला असायचा, त्यामुळे तिकडे माझं लक्ष नव्हतं, हेही खरं.

तर तो शेवटचा चरण. त्यात सोयराबाईंची नाममुद्रा आहे. नाममुद्रा म्हणायची, पण त्यात त्यांचं नाव नाही. नवऱ्याचं, चोखोबांचं, नाव आहे आणि पुढे जात: महारी.

"का नको?" मी विचारलं.

"बरं दिसत नाही हो. समोर कोण कोण बसलेलं असतं. कुणी तक्रार केली म्हणजे?"

"नऊच मिनिटं आहेत," दुसरी म्हणाली, "तो वेळ गजराला देऊ."

तिसरीनं तोडगा काढला, "त्या शब्दाच्या जागी 'सोयरा' घाला. मात्रा बसतात."

बसतात हो. मी मनातल्या मनात म्हणूनही पाहिलं. अगदी चपखल बसतात, म्हणून तर जास्त संताप आला. तुकोबांचं 'तुका म्हणे' कुणी कापतं का? ज्ञानोबांचं 'बाप रखुमादेवीवरू' निम्म्या जणींना कळतही नाही, तरी सगळ्या टाळ वाजवत म्हणतात. मग हिच्याच सहीवर पांढरा रंग का? मी बरंच बोलले. आवाज चढला. अध्यक्षबाई म्हणाल्या, "अध्यात्मात जात कशाला आणता?" मी म्हटलं, "मी नाही, त्यांनी स्वतः आणली आहे, तीही भेद संपला असं सांगून झाल्यावर."

घरी येऊन मी तो अभंग पहिल्यांदा नीट वाचला. पंढरीच्या राजाला पाहिलं आणि मीपण गेलं, असं ही बाई म्हणते. पाहिलं कुठून? चोखोबांना आणि त्यांच्या माणसांना देवळात पाऊल टाकायची सोय नव्हती. मंगळवेढ्याला कुसाचं काम करताना भिंत कोसळून १३३८ साली चोखोबा गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या, असं परंपरा सांगते. समाधी आहे महाद्वारासमोर, म्हणजे बाहेरच. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केलं, तेव्हा कुठे ते दार उघडायचं ठरलं. सहाशे वर्षं गेली. मी स्वतः दहा-अकरा वेळा पंढरपूरला गेले असेन. चपला कुठे ठेवायच्या या घोळात त्या समाधीसमोरून गेले आणि आले. एकदाही थांबले नाही.

पाहणारा आणि पाहणं दोन्ही दूर गेलं, असं सोयराबाई शेवटी म्हणतात. मी ते समाधी-अवस्थेचं वर्णन समजत होते. असेलही. पण जिला पाहूच दिलं नाही तिनं हे म्हणावं, यात मला आता बंद दारसुद्धा ऐकू येतं. निवेदन करणाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे, 'किशोरीताईंचा अभंग' म्हणू नका. आवाज त्यांचा. अभंग सोयराबाईंचा.

हे सगळं मी पुढच्या गुरुवारी सांगणार होते. त्याआधीच आमच्या चिपळ्या वाजवणाऱ्या ताई भाजी घेताना भेटल्या. त्या दिवशीच्या वादात त्या एक अक्षर बोलल्या नव्हत्या. खोटं कशाला सांगू, मला वाटलं आता आभार मानतील.

त्यांनी मेथीची जुडी पिशवीत घातली आणि म्हणाल्या, "काकू, तुम्ही डोळे मिटून म्हणता. मी उघडे ठेवते. तालमीत तो शब्द आला की चार-पाच माना माझ्याकडे वळतात. मग मी चिपळ्यांकडे बघते."

मी म्हटलं, "म्हणजे गाळायचा?"

"गाळला तरी माझ्याकडेच बघणार. सोयराबाईंना म्हणायचं होतं, त्यांनी म्हटलं. मला कुणी विचारलं का?"

मी नऊ वर्षं त्यांच्या शेजारी बसते. त्यांची जात मला ठाऊक नव्हती असं म्हटलं, तर ते खोटं होईल. ठाऊक होती आणि मला काही फरक पडत नाही, याचा मला मनातून अभिमान होता. त्यांच्यासमोर, त्यांच्यासाठीच म्हणून, मी तो शब्द किती वेळा मोठ्यानं उच्चारला होता त्या बैठकीत! आणि आता कधीकधी वाटतं, तो संताप सोयराबाईंसाठी होताच का? माझ्या पहाटेच्या अभंगाला, यजमानांच्या कॅसेटला कुणी हात लावला, याचाच तो असावा.

स्पर्धेत आम्ही दुसराच अभंग म्हटला. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, स्टीलचा डबा प्रत्येकीला एक.

घरी मी तो अभंग पूर्ण म्हणते. मंडळात तो आता निघत नाही. मंडळाच्या वहीत मात्र अजून आहे. शेवटच्या चरणाभोवती कुणीतरी पेन्सिलनं कंस घातलाय. मागच्या गुरुवारी सगळ्या यायच्या आधी मी खोडरबर घेऊन बसले होते. तेवढ्यात चिपळ्यांचा आवाज आला, मी वही मिटली. कंस तसाच आहे.